वाचून होतं पण रमत नाही: वचनाचं मनन म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न वाचला तेव्हाच कळलं की उत्तर लांबणार, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ कल्याणला राहतात, ऐरोलीला नोकरी, सकाळी साडेपाचला उठून यूव्हर्जन ह्या मोबाइलवरच्या बायबल अ‍ॅपवर एका वर्षात बायबल वाचायचा प्लॅन करतात. अडीचशे दिवसांच्या वर स्ट्रीक तुटलेली नाही, सध्या जुन्या करारातल्या यहेज्केलाच्या पुस्तकात मंदिराची मापं चालू आहेत, आणि दुपारी डबा खाताना सकाळी काय वाचलं ते आठवत नाही. मंडळीचे (चर्चचे) पाळक बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रावरून ‘वचनात रमा’ असा उपदेश करतात तेव्हा ह्यांना अपराधी वाटतं. त्यांनी विचारलंय की मला शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आनंदच वाटत नसेल तर माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, तरी झालीय का, आणि शेवटी एक छोटा प्रश्न, सहा वर्षांच्या मुलीला ही गोडी कशी लावायची.

मी पुण्यात एका घरगुती बायबल अभ्यास गटात बरीच वर्षं शिकवतोय, त्याआधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये सेवा केली. हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, कॉलेजच्या मुलांकडून येतो, रिटायर झालेल्या शिक्षकांकडून येतो, पाळकांकडूनसुद्धा येतो, फक्त ते जरा बाजूला घेऊन विचारतात.

आधी तारणाचं बोलू, कारण तेच तुम्हाला आतून खातंय असं दिसतंय. तुमचं तारण ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं त्यावर उभं आहे, सकाळी सहा वाजता तुमच्या मनाला काय वाटलं त्यावर नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सुरूच होतो की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, तिथे भावनांची अट कुठेच घातलेली नाही. आणि वचनात रमणं म्हणजे काय हे ज्या स्तोत्रात सगळ्यात जास्त लिहिलंय ते ११९ वं स्तोत्र एकदा ह्या नजरेने बघा. १७६ वचनं, हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांची २२ कडवी, जवळजवळ प्रत्येक वचनात देवाच्या शब्दाचं काही ना काही कौतुक. ह्याच स्तोत्रात तुझी वचनं मधापेक्षा गोड लागतात असं आहे, आणि ह्याच स्तोत्रात माझा जीव धुळीला चिकटलाय असंही आहे, एकाच माणसाच्या तोंडी. तो माणूस माझे डोळे उघड असं मागतो, माझं मन लोभाकडे नको, तुझ्या वचनाकडे वळव असं मागतो, म्हणजे त्याचं मन आपोआप तिकडे वळत नव्हतं, नाहीतर मागितलंच कशाला असतं. आणि एवढं सगळं म्हणून झाल्यावर शेवटचं वचन काय आहे? मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, तू मला शोध. देवाच्या वचनावर इतकं प्रेम करणारा माणूस शेवटी ‘मला शोध’ म्हणतो. तेव्हा तुम्हाला कोरडं वाटतंय ह्याचा अर्थ तुम्ही बाहेर फेकले गेलात असा लावू नका. ही ओढ नसल्याचं दुःख तुम्ही देवासमोर तसंच्या तसं मांडू शकता, ते स्तोत्रकर्त्यानेही मांडलंय.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते तुमच्यात शिस्तीची काहीच कमी नाही, उलट एवढी शिस्त आमच्या गटात फार थोड्यांकडे आहे. प्रॉब्लेम हा आहे की तुम्ही एक काम करताय आणि त्यातून दुसऱ्या कामाचं फळ मागताय. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, त्यांना ३६५ ने भागलं की रोजचे तीनच्या वर अध्याय येतात, आणि ते वीस-पंचवीस मिनिटांत संपवून लोकल पकडायची. ह्या वेगाने बायबलचा नकाशा कळतो, कुठला राजा कुठे, कुठला संदेष्टा कधी, आणि तो कळायलाच हवा, मी त्या प्लॅनच्या विरोधात अजिबात नाही. पण पहिल्या स्तोत्रात रमणं आणि मनन करणं हे दोन्ही एकाच दमात सांगितलंय, रमतो आणि रात्रंदिवस मनन करतो. मनन कुठे थांबल्याशिवाय होत नाही, आणि तुमच्या सकाळीत थांबायला जागाच ठेवलेली नाही. यहेज्केलाच्या चाळिसाव्या अध्यायात हातांची आणि उंबरठ्यांची मापं वाचताना तुमचा एक डोळा घड्याळावर असतो, मग आनंद येणार कुठून?

सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही हे इथेच सांगून टाकतो. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला तुमच्या पोस्टवरून दिसत नाहीत. झोप किती मिळते? रात्री बाराला झोपून साडेपाचला उठत असाल तर आत्मिक कोरडेपणा वगैरे नंतर बघू, आधी झोपा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि देवाचा तो शांत मंद आवाज त्याने नंतर होरेब डोंगरावर ऐकला. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, मुलीशी खेळण्यातसुद्धा रस वाटत नाही असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. दुसरं म्हणजे काही लोकांना डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकलेलं जास्त लागतं, त्यांनी ऑडिओ बायबल लावावं, त्यात काही कमीपणा नाही. आणि तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, तिच्याकडे खाली येतो.

माझी पद्धत सांगतो, पण पद्धतीची यादी देण्यापेक्षा एक शास्त्रभाग घेऊनच दाखवतो, म्हणजे काय करायचं ते हाताला लागेल. मार्काच्या शुभवर्तमानातलं १०:४६ ते ५२ घ्या, यरीहोतला आंधळा बार्तीमय. फक्त सात वचनं. हा भाग एक आठवडाभर घ्यायचा, रोज तोच.

पहिल्या दिवशी मोठ्याने वाचा. घरात सगळे झोपलेत तर पुटपुटत वाचा पण ओठ हलले पाहिजेत. जुन्या काळी लोक बहुधा असंच वाचायचे, प्रेषितांची कृत्ये आठव्या अध्यायात एक कूशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता आणि सुवार्तिक फिलिप्पाला ते ऐकू आलं, म्हणजे स्वतःपुरतं वाचतानाही तो मोठ्याने वाचत होता. मनातल्या मनात वाचताना डोळा पुढे पळतो, तोंडाने वाचताना पळता येत नाही, एवढं साधं कारण आहे. दोनदा वाचायचं आणि एवढंच बघायचं की इथे कोण आहे, कुठे बसलाय, कोण काय बोललं. कसलाही बोध काढायचा नाही. आपल्याला लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ‘ह्यातून आपण काय शिकतो’ ची सवय लागलेली असते आणि त्या घाईत समोरचं दिसायचं राहून जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोष्टी दिसायला लागतात. बार्तीमय वाटेच्या कडेला बसलाय. तो ओरडतो, दावीदपुत्रा माझ्यावर दया कर, आणि पुष्कळ लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात. येशू थांबतो. आता हा थांबणारा येशू कुठे चाललाय? जरा वर जा, त्याच अध्यायाच्या ३२ ते ३४ वचनांत तो शिष्यांना सांगून चुकलाय की आपण यरुशलेमेला चाललोय, तिथे मला धरून देतील, थुंकतील, फटके मारतील, जिवे मारतील. म्हणजे तो मरायला चाललाय, डोक्यात जगाच्या तारणाचं काम आहे, आणि एका भिकाऱ्याच्या हाकेने त्याचे पाय थांबतात. ह्या एका गोष्टीवर मी स्वतः किती सकाळ काढल्या असतील. प्रार्थना करताना मला नेहमी वाटायचं की देवाला ह्यापेक्षा मोठी कामं असतील, आणि हा भाग त्या विचाराला जागा ठेवत नाही.

मग चौथ्या दिवशी वगैरे अजून एक सापडतं. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो ना? वर ३६ वं वचन बघा, याकोब आणि योहान ह्यांना त्याने अगदी हाच प्रश्न विचारला होता. त्या दोघांनी तुझ्या वैभवात उजवी-डावीकडची आसनं मागितली, आणि ह्याने दृष्टी मागितली. त्यांना मिळालं नाही, ह्याला मिळालं. मार्काने दोन्ही प्रसंग एकाला एक लागून ठेवलेत. आणि शेवट बघा, सुरुवातीला जो वाटेच्या कडेला बसला होता तो आता त्याच वाटेने येशूच्या मागे चाललाय, आणि ती वाट यरुशलेमेला, वधस्तंभाकडे जाते. अकरावा अध्याय तिथूनच सुरू होतो.

हे मी सांगितलं म्हणून तुम्हाला आता कळलं, पण पाचव्या दिवशी चहाचा कप हातात असताना हे तुमचं तुम्हाला दिसलं असतं ना, तर जे वाटलं असतं त्यालाच शास्त्रात रमणं म्हणतात. दरवेळी अंगावर काटा येईल, डोळ्यांत पाणी येईल असं काही नाही. बहुतेक वेळा ते ‘अरे, हे इथे होतंच की’ असं शांत काहीतरी असतं, आणि ते दिवसभर सोबत राहतं. तुम्ही आनंद आणायचा प्रयत्न करताय म्हणून तो येत नाहीये. आनंद बघण्यातून येतो, आणि दिसायला एका जागी थांबावं लागतं. एवढंच मला ह्या अख्ख्या उत्तरात सांगायचंय, बाकी सगळं ह्याच्याच आजूबाजूचं आहे.

पण फक्त बघून थांबलात तर तो अभ्यास झाला, आणि आमच्या गटात नोट्स सुंदर काढणारे पण आतून कोरडे असे लोक मी पाहिलेत. जे दिसलं ते देवाला परत बोलून दाखवायचं, हा मननाचा दुसरा अर्धा भाग. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याचा न्हावी पीटर ह्याने प्रार्थना कशी करू असं विचारलं होतं, आणि ल्यूथरने १५३५ साली त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यात तो सांगतो की वचनाचा एक तुकडा घे आणि त्याचे चार पदर कर: ह्यात मला शिकवण काय आहे, आभार कशाबद्दल मानू, पाप काय कबूल करू, आणि मागणं काय मागू. आणि त्या न्हाव्याला कळेल अशा भाषेत सांगतो की चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, तो इकडेतिकडे बघत गप्पा मारत बसला तर गिऱ्हाईकाचं नाक कापेल, तसंच प्रार्थनेत मन एका जागी हवं. बार्तीमयाच्या भागाला हे लावून बघा. शिकवण: तो हाकेला थांबतो. आभार: माझ्यासाठी अमुक वेळी तो थांबला होता. कबुली: मी त्या गर्दीसारखा कुणाला तरी गप्प केलं, घरी, ऑफिसात, मंडळीत. मागणं: आज प्रभूने मलाच विचारलं की तुझ्यासाठी काय करू, तर मी काय म्हणेन, आसन मागेन की दृष्टी? चारही पदर रोज झालेच पाहिजेत असं नाही, ल्यूथर स्वतः म्हणतो की एखाद्या ठिकाणी मन भरून आलं तर बाकीचं सोडून तिथेच राहा.

क्रमाबद्दल एक सांगतो, कारण बऱ्याच जणांचं इथे अडतं. आपल्याकडे शिकवतात की उठल्या उठल्या आधी प्रार्थना, मग वाचन. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्यूलर ह्यांनी १८४१ साली लिहून ठेवलंय की ते आधी वर्षानुवर्षं असंच करायचे आणि कित्येकदा पहिली दहा मिनिटं, पाव तास, अर्धा तास मन भटकण्यातच जायचा. मग त्यांनी क्रम उलटा केला, आधी नवा करार घेऊन थोड्या वचनांवर मनन, तेही बहुधा शेतात चालत चालत, आणि त्यातून प्रार्थना आपोआप निघायला लागली. रोजचं पहिलं मोठं काम म्हणजे आपला जीव प्रभूमध्ये आनंदी असणं, असं ते म्हणतात. अनाथ मुलांच्या जेवणाची काळजी डोक्यावर असलेला माणूस हे म्हणतोय. तुम्हीही करून बघा, आधी ऐका मग बोला.

रात्रंदिवस मनन म्हणजे नोकरी सोडून बसणं नव्हे. कल्याण ते ठाणे गाडीत हात वर करायला जागा नसते, तिथे फोन काढूच नका. फक्त त्या दिवसाचं एकच वाक्य घेऊन चढा, ‘धीर धर, ऊठ, तो तुला बोलावत आहे’, हे लोकांनी बार्तीमयाला सांगितलेलं वाक्य, आणि ठाण्याला ट्रान्सहार्बरची गाडी बदलेपर्यंत ते मनात घोळवत राहा, एकदा ‘धीर धर’ वर जोर देऊन, एकदा ‘तुला’ वर जोर देऊन. मग तुमच्या लक्षात येईल की हे सांगणारे लोक त्याच गर्दीतले आहेत, थोड्या वेळापूर्वी गप्प बस म्हणणाऱ्या. दुपारी डबा उघडताना पुन्हा एकदा. रात्री दिवा घालवताना पुन्हा. आठवड्यात सात वचनं पाठ झालेली असतील आणि पाठांतराला वेगळा वेळ दिलेला नसेल. खेड्यातल्या मंडळ्यांमध्ये मी अशा म्हाताऱ्या बायका पाहिल्यात ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं पण स्तोत्रं आणि भजनं तोंडपाठ, निंदणी करताना म्हणायच्या, जात्यावर म्हणायच्या. आपल्या मराठी माणसाला तर हे नवीन नाहीच. इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं ते दहा हजारांवर ओव्यांचं, गाऊन ऐकायचं, ऐकून मनात ठेवायचं. आणि पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, ते कशासाठी? साध्या बाईला साध्या मराठीत वचन कळावं म्हणून. तुम्हाला जुन्या भाषांतरातले शब्द अडखळवत असतील तर सोप्या मराठीतलं भाषांतर सोबत ठेवा, मीही दोन्ही शेजारी ठेवतो.

मधल्यामधे एक विचारणा नेहमी होते म्हणून, हे विपश्यनेसारखं आहे का? नाही. तिथे काय करतात त्यावर मी बोलत नाही, पण शास्त्राच्या मननात कुणीतरी बोललेलं असतं आणि आपण त्याचं ऐकून त्याला उत्तर देत असतो. शब्द नसतील तर आपलं मनन उरतच नाही.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. एकच वचन घेऊन बसा म्हटलं की लोक ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मिळालेलं प्रॉमिस कार्ड (वर्षासाठी एक वचन छापलेलं) घेऊन बसतात, किंवा डोळे मिटून पान उघडतात आणि बोट जिथे पडेल ते वचन आजचं. कार्डांवर सगळ्यात जास्त काय छापलेलं असतं? यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत. वचन खरंच सुंदर आहे, पण त्याच्या आधीचं दहावं वचन कार्डावर नसतं, त्यात लिहिलंय बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. हे यिर्मयाचं पत्र बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना होतं. पाचव्या-सहाव्या वचनांत त्यांना सांगितलंय घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, सातव्यात सांगितलंय ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्या प्रौढ माणसाने हे पत्र ऐकलं त्याला ते सत्तर वर्षांनंतरचं परतणं बघायला मिळणार नव्हतं. हे कळल्यावर वचनातला गोडवा कमी होतो का? माझा अनुभव उलटा आहे. आमच्या गटात एका बाईंच्या मुलाची नोकरी गेलेली, त्या हे कार्ड पर्समध्ये ठेवून महिन्याभरात काहीतरी होईल म्हणून वाट बघत होत्या आणि नाही झालं तेव्हा देवावर रुसल्या. अख्खं पत्र सोबत वाचल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे बाबेलमध्ये असतानाच मळा लावायचा तर. त्यांना ते वचन तेव्हा खरं मिळालं. म्हणून तुमचा वार्षिक प्लॅन मी फेकून द्यायला सांगत नाहीये, तो नकाशा डोक्यात असेल तरच एका वचनावर थांबणं सुरक्षित राहतं.

आता ती अवघड गोष्ट. कधीकधी वचन बंद झाल्यासारखं वाटतं कारण मागच्या वेळी ते जे बोललं ते आपण ऐकून बाजूला ठेवलेलं असतं. एका सद्गृहस्थांचं बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं, आणि मत्तय ५:२३-२४ आलं की, आधी भावाशी समेट कर मग अर्पण आण, ते पान उलटायचे, असं त्यांनीच मला सांगितलं. पुढचं काहीच गोड लागेना. त्यांनी भावाला फोन केला, वाद काही लगेच मिटला नाही, अजून मोजणी बाकी आहे, पण वाचन पुन्हा सुरू झालं. तुमच्या बाबतीत असं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, मला तुम्ही माहीतच नाही. फक्त शांतपणे एकदा विचारून बघा, काही असेल तर ते सहसा पटकन आठवतं. शोधशोध करूनही काही आठवत नसेल तर उगाच खणत बसू नका, असे लोकही असतात जे प्रामाणिकपणे चालत असतात आणि तरी दिवस कोरडे जातात. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला आशेचा शेवट जोडलेला नाही, आणि तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. अशा दिवसांत दोन वचनं वाचा, आमेन म्हणा, कामाला जा. किंवा मंडळीतल्या कुणाला तरी फोन करून त्यांनी काय वाचलं ते विचारा. लूक २४ मध्ये अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य बोलत चालले होते, येशू सोबत येऊन त्यांना शास्त्र उलगडून सांगू लागला, तेव्हा त्यांची अंतःकरणं पेटली. कलस्सैकरांस ३:१६ मध्येही ख्रिस्ताचं वचन तुमच्यामध्ये भरपूर राहो असं सगळ्यांना मिळून सांगितलंय, एकमेकांना शिकवत आणि गात. एकट्याने सगळा आनंद पैदा करायचा असं ओझं कुणी आपल्यावर टाकलेलं नाही.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर असं करा. प्लॅन दोन वर्षांचा करून घ्या किंवा तो रविवारी दुपारी ऑडिओवर ऐका, स्ट्रीक तुटली तर तुटू द्या, आणि ती तुटली त्या दिवशी देव नाराज झाला असं मनात आणू नका. सोमवार ते शनिवार सकाळी एक छोटा भाग, पाच ते दहा वचनं, आठवडाभर तोच. मोठ्याने वाचा, बघा, चार पदरांपैकी जमतील ते बोला, एक वाक्य घेऊन निघा. सुरुवातीला बार्तीमय घ्या, मग १२१ वं स्तोत्र, मग लूक २४ चा अम्माऊसचा प्रसंग दोन-तीन आठवड्यांत तुकडे करून. पहिल्या आठवड्यात काही होणार नाही असं धरून चला, डोळ्याला पळायची सवय आहे, ती मोडायला वेळ लागतो. यहेज्केलातली मंदिराची मापं तुम्ही सोडलीत तरी नंतर कधीतरी त्यांच्याकडे परत या, ४७ व्या अध्यायात त्याच मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं, आधी घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं, मग पोहून जावं लागेल इतकं, आणि ते पाणी जिथे जातं तिथे सगळं जगतं. मापं वाचून कंटाळलेल्या माणसालाच त्या उंबरठ्याची किंमत कळते.

मुलीचं सोपं आहे. तिला गोष्ट सांगा, पुस्तक न बघता, तुमच्या शब्दांत, म्हणजे तुम्हालाही ती आधी नीट बघावी लागेल. मग तिला म्हणा आता तू मला सांग. ती काहीतरी भलतंच सांगेल, बार्तीमयाच्या कुत्र्याचं नाव वगैरे, चालू द्या, फक्त शेवटी पुस्तकात काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा. परीक्षा घेऊ नका, बक्षीस लावू नका, ‘ह्यातून काय शिकलीस’ विचारू नका. तिला विचारा की तू तिथे असतीस तर कुठे उभी राहिली असतीस. आणि तिने काही विचारलं, लोक त्याला गप्प बस का म्हणत होते असं काही, आणि तुम्हाला उत्तर आलं नाही, तर तिला सांगा की मलाही माहीत नाही, उद्या सकाळी पुन्हा वाचून बघतो.